त्या तिथे काय दिसतंय, डॉक्टर?

मिस्टर प्रेंटिस यांनी चार्टवरची सगळ्यात खालची ओळ वाचली. एकही अक्षर चुकलं नाही. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "झालं? करा आता सही, डॉक्टर."

मी पेन उचललं नाही. कारण थोड्याच वेळापूर्वी मी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत आतून पाहिलं होतं. त्या डोळ्यांना ती ओळ दिसणं शक्यच नव्हतं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळे तपासायचे, चष्म्याचा नंबर काढायचा, आजार दिसला तर ओळखायचा आणि मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं, हे माझं काम. ऑपरेशन आम्ही करत नाही. ही गोष्ट एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. शिकागोत शिक्षण संपवून मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावातल्या क्लिनिकमध्ये नोकरीला लागले होते. नवरा मिलिंद स्टेट कॉलेज नावाच्या शहरात युनिव्हर्सिटीत रिसर्च करत होता. मी रोज डोंगर ओलांडून त्या गावात जायचे. माझा व्हिसा क्लिनिकच्या नावावर होता आणि ग्रीन कार्डचा अर्जही क्लिनिकनेच केला होता. म्हणजे आम्ही दोघं या देशात राहणार की नागपूरला परतणार, हे बरंचसं माझ्या बॉसच्या मर्जीवर होतं.

मिस्टर प्रेंटिस अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. ताठ बसायचे, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं असायचं. गावात त्यांना सगळे 'लेफ्टनंट' म्हणायचे. तरुणपणी ते नेव्हीत होते एवढंच मला माहीत होतं. त्या वर्षी स्टेटने, म्हणजे राज्य सरकारने, त्यांना गाडीच्या लायसन्ससाठी फेरतपासणीचा फॉर्म पाठवला होता. नजर ठीक आहे असं मी लिहून दिलं की काम झालं.

आता डोळ्याबद्दल थोडं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध एक बारीकसा भाग असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. सरळ समोर बघणं, वाचणं, चेहरा ओळखणं हे त्याचं काम. म्हातारपणी काही जणांचा हा भाग झिजतो. कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. गंमत म्हणजे त्या माणसाला मध्ये काळा डाग वगैरे काही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन तिथे ठिगळ लावतो. समोर रस्ता असेल तर रस्त्याचंच ठिगळ. त्यामुळे असा पेशंट छातीठोकपणे सांगतो की मला सगळं व्यवस्थित दिसतं, आणि तो खोटं बोलत नसतो.

मिस्टर प्रेंटिस यांचा मॅक्युला दोन्ही डोळ्यांत झिजला होता. वर्षभरापूर्वी डावा डोळा बराच बरा होता. आता तोही गेला होता.

आमच्या खोलीत भिंतीवर दिव्याच्या पेटीचा चार्ट होता. मी दिवा बंद केला, कपाटातून दुसरं कार्ड काढून त्यात सरकवलं आणि दिवा लावला.

"हे वाचता का?"

त्यांनी डोळे बारीक केले. मग म्हणाले, "खोलीत उजेड कमी आहे."

"सगळ्यात वरचं अक्षर?"

त्यांनी मान जरा वाकडी केली, मग दुसरीकडे वाकडी केली. "मला वाटतं तो ई आहे."

तो ई नव्हता.

मला आठवलं, आदल्या आठवड्यात ते फ्रेमचा स्क्रू बसवून घ्यायला आले होते आणि मी आत गेले असताना या खोलीत एकटे बसले होते. चार्टच्या जवळ जाऊन, तिरकं बघून, अक्षर अक्षर पाठ करायला त्यांना भरपूर वेळ मिळाला असणार.

"मिस्टर प्रेंटिस, मला सही करता येणार नाही."

"येईल. तुमच्यासमोर मी वाचून दाखवलंय."

"तुम्ही गाडी चालवू नये. आणि मला ते स्टेटला कळवावं लागेल. तसा इथला कायदा आहे."

ते संतापले नाहीत. संतापले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कोट घातला, टोपी हातात घेतली. "माझी बायको मार्था आता कायमची डोंगरापलीकडच्या म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये आहे. तिला स्ट्रोक झालाय. घास गिळायला तिला वेळ लागतो. तिथल्या मुलींच्या हाताखाली बरेच पेशंट असतात, त्यांना एकीजवळ बसून राहता येत नाही. दुपारचं जेवण मी भरवतो. रोज. इथून तिकडे बस नाही. एवढंच सांगायचं होतं."

आणि ते गेले. खिडकीतून मला दिसलं, त्यांनी गाडी मागे घेतली, वळवली आणि सावकाश रस्त्याला लागले. स्वतःच चालवत.

माझे बॉस डॉ. रॉजर्स यांना मी दुपारीच सांगितलं. ते गावातच वाढलेले, क्लिनिक त्यांच्या वडिलांनी काढलेलं. त्यांनी कपाळ चोळलं.

"सुजाता, लेफ्टनंट माझ्या वडिलांच्या चर्चमधले आहेत. निम्मं गाव त्यांना मानतं."

"पण मॅक्युला…"

"मी पाहिलंय रिपोर्टमध्ये. एक काम कर. 'फक्त दिवसाउजेडी आणि फक्त ओळखीच्या रस्त्यावर' असं लिहून दे. अशी अट टाकता येते."

"त्यांची नजर त्या अटीतही बसत नाही."

"त्यांनी पहिला चार्ट वाचताना तुला जे ऐकू आलं तेवढंच तू लिहिलंस, असं होऊ शकतं."

त्यांनी आवाज खाली आणला. "मी तुला काय करायचं ते सांगत नाहीये. शुक्रवारपर्यंत विचार कर. पुढच्या महिन्यात तुझ्या ग्रीन कार्डच्या कागदांसाठी वकिलाकडे मला जायचंच आहे. उगाच मधे कटकट नको, एवढंच."

ही धमकी होती की नुसती माहिती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माणूस वाईट नव्हता.

घरी मिलिंद म्हणाला, "अगं, यात विचार काय करायचा? कायदा आहे, कळवून टाक."

"आणि त्यांनी मला काढलं तर?"

"तर बघू यार."

"काय बघू? व्हिसा जायच्या आत दुसरी नोकरी? इथे?"

तो भांडी घासायला लागला. काळजी वाटली की तो भांडी घासायचा. मी सोफ्यावर बसून राहिले. डोळ्यांसमोर एकदा मार्थाबाईंचा न पाहिलेला चेहरा यायचा, एकदा शाळेची पिवळी बस. ते रोज ज्या रस्त्याने जायचे त्याच रस्त्याने मीही घरी यायचे. वाटेत शाळा होती, दोन फार्म होते, एक वळणाचा उतार होता. आता या क्षणी ते गाडी चालवत असतील का, हा विचार दिवसातून कितीदा यायचा ते सांगता येणार नाही. क्लिनिकमध्ये दूर कुठे ॲम्ब्युलन्सचा सायरन वाजला की पेशंटच्या डोळ्यात टाकायचा औषधाचा थेंब माझ्या बोटावर पडायचा.

बुधवारी त्यांचा फोन आला.

"डॉक्टर, उद्या सकाळी तुमची सुट्टी असते ना? माझ्याबरोबर गाडीत चला. नर्सिंग होमपर्यंत. तुम्हाला भीती वाटली तर तुमचं बरोबर. नाही वाटली तर सही करा."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. मला वाटतं, मला कुणीतरी ठरवून द्यायला हवं होतं. मी डॉ. रॉजर्सना सांगितलं. ते कॉफी ओतत होते. हात थांबला.

"तू काय म्हणालीस ते मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "आणि सीट बेल्ट लाव."

गुरुवारी मी माझी गाडी त्यांच्या घरापाशी लावली. आकाश स्वच्छ होतं. पानं गळून गेली होती, बर्फ अजून पडायचं होतं. त्यांची गाडी जुनी, लांबलचक, घरातल्या दिवाणासारखी रुंद सीटची. त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं. मी बेल्ट लावला आणि दाराचं हँडल घट्ट धरून बसले.

आणि सांगते, ते छान चालवत होते. सावकाश, कडेच्या पांढऱ्या रेषेला धरून. कडेची नजर शाबूत होती, त्यामुळे रेषा त्यांना दिसत होती. वळणं त्यांच्या हातांना पाठ होती. गावाबाहेर पडलो तशी माझी मूठ सैल झाली.

ते गप्पाही मारायला लागले. एरवी मोजकंच बोलणारा माणूस, मला नवल वाटलं.

"त्या डावीकडच्या शेतात काय दिसतंय, डॉक्टर?"

"मका काढून झालाय. बुडखे राहिलेत."

"आणि पुढे तो? कुणाचा असेल?"

"दुधाचा टँकर आहे. उजवीकडे वळतोय."

"हं. डेअरीचा." गाडी हळू झाली. टँकर वळला. आम्ही पुढे गेलो.

मला बरं वाटत होतं. इथल्या म्हाताऱ्या माणसांना माझ्याशी काय बोलावं हे सहसा सुचत नसे. हवा, भारतातलं ऊन, संपलं. हे तर अगदी घरच्यासारखं विचारत होते. तुमच्याकडे मका होतो का? तिथे शाळेसमोर आज गर्दी दिसते का? ती बाई कुत्रा घेऊन निघालीय की बकरी? मी हसून उत्तरं देत होते. कुत्रा. रस्ता ओलांडतेय. ते थांबले, तिला जाऊ दिलं, टोपीला हात लावला.

पुढच्या वस्तीत एकुलता एक सिग्नल होता.

"हा दिवा फार वेळ खातो, नाही का?" ते म्हणाले.

"हो. हां, झाला हिरवा."

गाडी निघाली.

वस्ती मागे पडली. रस्ता डोंगराच्या उताराला लागला, आणि माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. हिरवा झाला असं मी म्हटल्यावर गाडी हलली होती. म्हटल्यावर. मी मागे जाऊन सगळं आठवायला लागले. टँकर मी सांगितल्यावर गाडी हळू झाली. कुत्रा मी सांगितल्यावर थांबली. मघापासून आम्ही गप्पा मारत नव्हतो. त्यांच्या डोळ्यांच्या जागी मी काम करत होते.

गाडी थांबवा म्हणावं तर उतारावर कडेला जागा नाही. मी गप्प झाले. ते दोन-तीनदा काहीतरी म्हणाले, मी नुसतं हूं केलं. आणि त्या गप्प बसण्यातच आम्ही वळण घेतलं.

समोर घोडागाडी होती.

आमच्या त्या भागात आमिश लोक राहतात. ते मोटार वापरत नाहीत, काळ्या बंद घोडागाड्यांतून फिरतात. मागे एक मोठा नारिंगी त्रिकोण लावलेला असतो, लांबून दिसावा म्हणून. हा त्रिकोण आमच्या अगदी समोर होता, रस्त्याच्या मधोमध, आणि मोठा होत होता. गाडीच्या मागच्या फटीतून काळ्या टोपडीतली एक लहान मुलगी आमच्याकडे बघत होती.

मिस्टर प्रेंटिस शांतपणे समोर बघत होते. वेग तोच होता. त्यांच्या मेंदूने तिथे रस्त्याचं ठिगळ लावलं होतं.

"थांबा! अहो थांबा!"

मी मराठीत ओरडले. इंग्रजी सुचलंच नाही. त्यांना शब्द कळला नसणार, पण आवाज कळला. त्यांनी ब्रेक पूर्ण दाबला. गाडीचं मागचं अंग सरकलं, माझा बेल्ट छातीत रुतला, आणि आम्ही थांबलो. ती मुलगी इतकी जवळ होती की तिच्या नाकावरचे ठिपके मला दिसले. घोडा तसाच चालत राहिला. हाकणाऱ्याने मागे वळूनही पाहिलं नाही. घोडागाडी टकटक करत उतार उतरून गेली.

"काय होतं?" मिस्टर प्रेंटिसनी विचारलं.

"घोडागाडी."

"कुठल्या बाजूला?"

"समोर. मधोमध."

"मागे त्रिकोण होता?"

"होता."

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. "कोण होतं आत?"

मी सांगू की नको, क्षणभर विचार केला. "मागे एक मुलगी होती. सहा-सात वर्षांची असेल."

त्यांनी मान हलवली. जरा वेळाने दार उघडलं, गाडीला धरत धरत माझ्या बाजूला आले. "तुम्ही चालवाल का? मार्था वाट बघत असेल."

मला लायसन्स मिळून फार दिवस झाले नव्हते, आणि एवढी मोठी गाडी मी कधी चालवली नव्हती. पाय ब्रेकपर्यंत पोचायला सीट पुढे घ्यावी लागली. उतार उतरेपर्यंत मी दात आवळून होते. ते शेजारी बसून होते, हात मांडीवर. मग त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली.

"मला लेफ्टनंट म्हणतात, ते अर्धवट आहे. मी लेफ्टनंट ज्युनिअर ग्रेड होतो. खालून दुसरी पायरी. त्या पायरीवर सहसा कुणी रिटायर होत नाही."

"मग तुम्ही?"

"पहिलं महायुद्ध संपलं होतं, दुसरं यायचं होतं. आम्ही अकॅडमीतून निघालो तेव्हा नेव्हीला आमची फारशी गरजच नव्हती. जहाजं कमी, पैसा नाही, वरची माणसं हलत नाहीत. एकेका प्रमोशनसाठी वर्षानुवर्षं थांबायचं. तिशीला आलेले आम्ही दोघं-दोघं एका खोलीत राहायचो, कॉलेजच्या पोरांसारखे. बाहेर मंदी. नोकरी सोडायची सोय नव्हती. आणि दरवर्षी डोळ्यांची तपासणी. नापास झालात की घरी."

"तेव्हापासून डोळे…?"

"तेव्हा वेगळं होतं. लांबचं दिसत नव्हतं, एवढंच. चष्मा लावून ब्रिजवर उभं राहायला मिळत नसे." ब्रिज म्हणजे जहाज जिथून चालवतात ती वरची जागा, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. "रात्री आम्ही दिवे मालवून सराव करायचो. पुढे एक जहाज, मागे एक, मध्ये आमची क्रूझर युद्धनौका. सगळं काळं. ड्युटीवरच्या ऑफिसरने पुढच्या जहाजाची सावली नजरेत धरून अंतर राखायचं. मला ती सावली दिसायची नाही."

मी रस्त्यावरून नजर न हलवता विचारलं, "मग काय करायचात?"

"पहाऱ्यावरच्या खलाशांना विचारायचो. 'त्या तिथे काय दिसतंय, सांग बघू.' ते सांगायचे. मी 'बरोबर' म्हणायचो. त्यांना वाटायचं, ऑफिसर परीक्षा घेतोय. ते जास्त जोरात बघायला लागले. कॅप्टनने माझी स्तुती केली. म्हणाला, याच्या पाळीतले पहारेकरी सगळ्या जहाजात चांगले आहेत." ते थांबले. "आणि होतेच ते चांगले."

"चार्ट?"

"पाठ. दरवर्षी."

त्यांचा खोलीतला जोडीदार डॉक्टर होता, ते म्हणाले. जहाजावरचा धाकटा डॉक्टर. दोन वर्षं एका खोलीत राहिले, एकमेकांचे मोजे वापरले. तो एका रात्री कॉफी घेऊन ब्रिजवर आला आणि उगाच उभा राहिला. त्याने त्यांचे प्रश्न ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात बोलावलं, आणि भिंतीवर दुसराच चार्ट लावलेला होता.

"मी त्याला म्हटलं, एवढ्या वर्षांत कधी काही झालंय का? तो म्हणाला, नाही. मग? तो म्हणाला, मला वर कळवावंच लागेल. त्याने कळवलं. काही आठवड्यांत मी किनाऱ्यावर होतो. पुढे युद्ध आलं. माझ्या वर्गातले सगळे समुद्रावर गेले. काही परत आले नाहीत. मला ऑफिसात बसवलं, ब्लँकेटं मोजायला."

मला वाटलं ते आता काहीतरी मोठेपणाचं बोलतील. मी तशी वाट बघत होते, कारण मला त्याची गरज होती.

"त्याचं बरोबर होतं," ते म्हणाले. "मी त्याच्याशी पुन्हा बोललो नाही. काही झालं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. काहीच झालं नव्हतं, म्हणून जमलं नाही."

नर्सिंग होम आलं. गाडी लावताना मी ती दोन जागांमध्ये तिरकी घुसवली. त्यांना ते दिसलं नाही, किंवा ते बोलले नाहीत.

मार्थाबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. लहानखुऱ्या, उजवा हात निर्जीव. जेवणाचा ट्रे समोर ठेवलेला, वाफ निघून गेलेली. नवऱ्याला बघून त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हसली. मिस्टर प्रेंटिस खुर्ची ओढून बसले, नॅपकिन लावला, चमचा घेतला. मी दारातून बघत होते. ते बायकोकडे सरळ बघत नव्हते. सरळ बघितलं की तिचा चेहरा पुसला जात असणार. मान वळवून, भिंतीकडे तोंड करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून ते तिच्या ओठांकडे बघत होते. चमचा बरोबर जागी जात होता. एक घास, मग थांबणं, मग गळ्यावर हलकेच बोट लावून गिळलं का ते बघणं. पुढचा घास.

जेवण संपायला तासभर लागला असेल. कुणीही घाई केली नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी म्हटलं, "मिस्टर प्रेंटिस, आज दुपारी मी रिपोर्ट पाठवते आहे."

"मला कळलं ते, रस्त्यातच." त्यांनी टोपी घातली. "एक विचारू? उद्या दुपारी तिला कोण भरवणार, हे तुमच्या त्या कागदावर कुठे लिहायचं असतं?"

मी त्यांना घरी सोडलं, माझी गाडी घेतली, क्लिनिकमध्ये गेले आणि रिपोर्ट फॅक्स केला. मग डॉ. रॉजर्सच्या खोलीत जाऊन सांगितलं, घोडागाडीसकट.

ते उठून खिडकीपाशी गेले.

"केवढी होती म्हणालीस मुलगी?"

"सहा-सात."

"ठीक आहे," ते म्हणाले. आणि मी दाराशी गेल्यावर, "त्यांना कोण सांगणार आहे? स्टेटची नोटीस येण्याआधी?"

"मी सांगितलंय."

"ठीक आहे," ते परत म्हणाले. पण त्यांचा आवाज ठीक नव्हता.

पुढचे काही महिने मला नीट झोप नव्हती. काही कुटुंबांनी आपल्या फाइली दुसऱ्या क्लिनिकमध्ये नेल्या. किराणा दुकानात एका बाईंनी मला बघून ट्रॉली वळवली. वकिलाची भेट पुढे ढकलली गेली, मग आणखी एकदा. मी विचारायला घाबरायचे. मिलिंदने त्या काळात घरातलं एकही भांडं खरकटं राहू दिलं नाही. मग एके दिवशी कसलीही प्रस्तावना न करता डॉ. रॉजर्सनी माझ्या टेबलावर सह्या केलेले कागद ठेवले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मिस्टर प्रेंटिस यांचं लायसन्स रद्द झालं. त्यांनी गाडी विकली. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, म्हाताऱ्यांसाठीची व्हॅन होती, पण ती आदल्या दिवशी सांगावी लागायची आणि दोन-अडीचला पोचायची, तोवर ट्रे उचललेला असायचा. चर्चमधली माणसं पाळीपाळीने न्यायची, पण हिवाळ्यात पाळ्या चुकायला लागल्या. मार्थाबाईंचं वजन उतरलं, असं मला तिथल्या नर्सने सांगितलं. मला ते ऐकून जे वाटलं ते लिहीत बसत नाही. शेवटी त्यांनी घर भाड्याने दिलं आणि नर्सिंग होमच्या मागच्या गल्लीत एका विधवा बाईंच्या घरात खोली घेतली. तिथून ते चालत जायचे. दुपारी आणि मग रात्रीच्या जेवणालाही.

ते आमच्या क्लिनिकमध्ये पुन्हा आले नाहीत. एकदा, पुढच्या वसंतात, मी एका पेशंटला बघायला त्या नर्सिंग होममध्ये गेले होते. ते फूटपाथवरून येत होते, काठीने कड चाचपत. मी "गुड मॉर्निंग, मिस्टर प्रेंटिस" म्हटलं. ते थांबले, मान वळवून कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, टोपीला हात लावला आणि आत गेले. त्यात राग होता की नुसती ओळख, ते मला सांगता येणार नाही. बारा वाजत आले होते. त्यांना उशीर करून चालणार नव्हतं.

त्यानंतर मी अशा बऱ्याच लोकांच्या गाड्या थांबवल्या. दर वेळी लोक मला विचारतात, हे सांगायला जड जात नाही का. जातं. पण आता मी सांगण्याआधी एक काम करते. माझ्या टेबलावरचा फोन उचलते आणि मुलीला, शेजाऱ्याला, चर्चला, व्हॅनवाल्याला, ज्याला लागेल त्याला लावते, आणि या माणसाला उद्या कुठे जायचं असतं आणि तो कसा जाईल हे आधी विचारून घेते. ते ठरलं की मगच आत जाऊन खुर्ची ओढून बसते. रिपोर्ट पाठवायला तसा काही वेळ लागत नाही.